कोपरीच्या चिखलातला पुरावा

कल्याणाहून सकाळच्या आगगाडीने आम्ही ठाण्यास निघालो, तेव्हा माझ्या मांडीवर सृष्टिशास्त्राचा एक जाड इंग्रजी ग्रंथ होता आणि समोर माझे सासरे, नाना, तोंड फिरवून बसले होते. ग्रंथकर्ता साहेब विलायतेत वारून दोन वर्षे झाली; पण त्याने आमच्या घरात लावलेले भांडण चांगले धडधाकट होते.

सगळे प्राणी हळूहळू बदलत एकमेकांपासून निघाले, एवढेच मी शाळेत सांगितले होते. गावात त्याचे झाले, ‘मास्तर आपल्याला माकड म्हणतो.’ लोक मुले शाळेतून काढू लागले. नाना शाळेच्या पंचांतले. ते म्हणाले, "पाण्यातला जीव जमिनीवर चालताना दाखव. नाहीतर मुलांपुढे शब्द मागे घे."

ठाण्याच्या खाडीत तसा मासा आहे, एवढे मी ऐकून होतो.

ठाण्याजवळ खाडीकाठच्या कोपरीला पोहोचलो तो ओहोटी लागलेली. मिठागरांपलीकडे चिखल उन्हात चकाकत होता. बांधावर बसून दडप्या पोह्यांची पुरचुंडी सोडली. नानांचा माझ्यावरचा राग उतरला नव्हता. माझ्या वाट्याचे पोहे मात्र त्यांनी संपवले.

इतक्यात चिंबोऱ्या (खेकडे) धरणारी पारूबाय नावाची आगरीण टोपली घेऊन आली.

"काय बगताव?"

"चालणारा मासा," मी म्हणालो. "या पुस्तकामुळे शोधतो आहे."

"निवट्या? त्या काय बगाच्या? त्या खाच्या!" ती हसली. "एवरा बगाला सायबाचा पुस्तक लागला?"

तिने बोट दाखवले. मी उत्साहाने खाली उडी मारली आणि गुडघ्यांपर्यंत रुतलो. पण समोरच निवटी! बोटाएवढी, डोळे टाळूवर. पुढच्या परांवर रेटत ती पाण्याबाहेर आली आणि तिवराच्या (खाजणातल्या झाडाच्या) मुळावर चढली.

"नाना, या लवकर!"

"तिथूनच सांग."

"सांगून कसे भागेल? पुरावा तुम्हाला हवा आहे!"

नाना धोतर खोचून उतरले आणि दुसऱ्याच पावलाला चिखलात बसले. पारूबाय पोट धरून हसू लागली. निवटी हलली नाही. ती नानांकडे बघे, नाना तिच्याकडे.

"हिला हे कुणी शिकवले रे?"

"साहेब म्हणतो—"

"थांब. आधी मला बघू दे."

भरती येईपर्यंत ते उठले नाहीत. शेवटी पारूबायने आणि मी दोन्ही बगलांत हात घालून त्यांना ओढून काढले.

परतीच्या गाडीत आमच्या वासाने बाक रिकामे झाले. नानांनी ग्रंथ स्वतःच्या मांडीवर घेतला, पान उघडले आणि म्हणाले, "वाच. मराठीत." कल्याणपर्यंत मी वाचत होतो. त्या साहेबाने आमची खाडी कधी पाहिली नाही. पण जन्मभर तिच्या काठाने ये-जा केलेल्या नानांना त्याने आज ती दाखवली.

उतरताना नाना म्हणाले, "माकडाचे मला अजून पटत नाही."

मी त्यांना हात देऊन फलाटावर उतरवले.

"पण ती निवटी नात्यातली निघाली, तर माझी ना नाही. उद्या वर्गात मीही येऊन बसतो."