सरांनी लिहिलेली शिफारस

परदेशी विद्यापीठाच्या अर्जात बाकी सगळं भरून झालं होतं. ज्यांच्या प्रयोगशाळेत मी काम करायचे त्या सरांचं शिफारसपत्र तेवढं राहिलं होतं आणि मुदतीला सहा दिवस उरले होते. जगभरातून येणारे अर्ज, जागा बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातही बाहेरच्या देशांतल्या मुलांना एखाद-दुसरी. हे रोज वाचून मी मनीषनगरच्या भाड्याच्या खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालायचे.

आमच्या विभागातली रीत अशी, की पत्र विद्यार्थ्यानेच लिहायचं. सर म्हणालेच, "तूच लिहून आण वं, मी सही करतो."

मी लिहिलं: आज्ञाधारक, नियमित, कधीही उलट उत्तर न देणारी. गावी, उमरेडच्या शाळेत याहून मोठी स्तुती मी ऐकली नव्हती. आमच्याच विभागातून बाहेर शिकायला गेलेल्या एका ताईला ते फोनवर वाचून दाखवलं. ती हसतच सुटली. "अवं, हे लग्नाच्या स्थळाले पाठवून राहिली काय? इथं पाहतात, पोरगी स्वतःचं डोकं चालवते का. सरांनाच लिहू दे."

पण सरांना तसं सांगायचं कसं? आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. माझ्यासाठी सरांनी रविवारीही प्रयोगशाळा उघडी ठेवली होती. दोन दिवस त्यांच्या दारापर्यंत जाऊन परतले. तिसऱ्या दिवशी आत गेले, कागद पुढे केला आणि पत्र तुम्हीच लिहा म्हणाले.

"काहून, माह्या सहीवर भरोसा नाही काय?"

"सर, मले माह्याबद्दल लिहिताच येऊन नाही राहिलं. तुम्ही लिहा ना."

त्यांनी माझा कागद वाचला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. "जा आता."

पत्र त्यांनी परस्पर पाठवायचं होतं, मला ते दिसणार नव्हतं. शेवटच्या दिवशी दुपारी अर्जाच्या पानावर ते पोचल्याची खूण आली. रागाच्या भरात लिहिलं असेल तर?

महिन्याभराने ऑनलाइन मुलाखत झाली. समोरच्या बाईंनी पहिलंच विचारलं, "सरांचे आकडे चुकले होते ते तुम्ही दाखवून दिलंत, असं त्यांनी लिहिलंय. तुम्हाला कसं कळलं?"

कोराडीच्या वीजकेंद्रातल्या राखेचे नमुने मी तीनदा तपासले होते आणि मान खाली घालून सरांना चूक सांगितली होती. नंतर कित्येक दिवस त्यांच्यासमोर जायची लाज वाटायची. सवयीने मी आधी माफीच मागितली. बाई गोंधळल्या. मग मी सांगायला लागले, ते त्यांनी थांबवेपर्यंत.

निकाल अजून आलेला नाही. सर रोज प्रयोगशाळेच्या दारात येऊन विचारतात, "आलं काय वं?" नाही म्हटलं की आत न येताच परत जातात.