तोताराम भाऊंची चौथी निवृत्ती

तोताराम भारंबे आजवर चार वेळा निवृत्त झाले. पहिल्या तिन्ही वेळा त्यांच्या बायकोने, झुंबरबाईंनी, देवापुढे वाटीभर साखर ठेवली. चौथ्या वेळी ठेवली नाही. देवाला तरी किती वेळा फसवायचं?

भाऊ शूटिंगबॉल खेळत. दोन्ही मुठी जोडून बॉल असा हाणायचा, की जाळीपलीकडच्या माणसाला तो घ्यावा की चुकवावा हेच सुचू नये. हे काम ज्याच्याकडे, तो संघाचा शूटर. सावद्यापासून चोपड्यापर्यंत जत्रा असो, शिवरात्र असो, नाहीतर एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस, मैदान आखलं की भाऊंना बोलावणं यायचं. धुळ्याचे लोक तर गाडी पाठवून न्यायचे. घरची केळी आधी भाऊंचे वडील बघत, आता मुलगा, नवीन, बघतो. मधल्या काळात ती कोणी बघितली, हे झुंबरबाईंना विचारावं.

पहिली निवृत्ती गुडघ्यामुळे झाली. पाचोऱ्याला भाऊ पडले, गावाने शाल दिली, नारळ दिला, चार जणांनी भाषणं केली. गुडघ्याची सूज उतरते न उतरते तोच चोपड्याची जीप दारात उभी. "शेवटचा एक," असं म्हणून भाऊ गेले आणि पुढची चार वर्षं खेळले. दुसरी निवृत्ती लेकीच्या, नूतनच्या, लग्नाच्या वेळची. जावयासमोर अर्ध्या चड्डीत उड्या मारणं बरं दिसत नाही, असं भाऊच म्हणाले होते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावई म्हणाला, "बाबा, आमच्या पाचोऱ्यात तुमचं नाव अजून काढतात. एकदा बघायला मिळालं असतं तर." झालं. तिसरी डॉक्टरांच्या सांगण्यावरून झाली आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून मोडली.

दर निवृत्तीला शाल यायची. झुंबरबाई ती कपाटात ठेवत आणि कुणाकडे वास्तुशांत, साठी, बारसं निघालं की आहेरात देऊन टाकत. सगळं गाव हेच करतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त यंदा शिवरात्रीनंतरच्या चौथ्या सत्कारात संघाचा कप्तान लीलाधर याने भाऊंच्या खांद्यावर जी शाल टाकली, ती झुंबरबाईंनी काठावरून ओळखली. दुसऱ्या निवृत्तीची होती ती. लीलाधरच्या वास्तुशांतीला त्यांनीच नेऊन दिलेली. समोर बायकांत बसलेल्या लीलाधरच्या बायकोने, कामिनीने, त्यांच्याकडे पाहिलं. मग दोघींनीही मान वर करून मंडपाच्या कापडाची तपासणी सुरू केली.

या खेपेलाही जीप आली. भाऊंनी ती चहा पाजून परत पाठवली.

झुंबरबाई खऱ्या धास्तावल्या त्या तेव्हा. तीस वर्षं त्या या दिवसाची वाट बघत होत्या, आणि तो दिवस आला तर तो सकाळी सहा वाजल्यापासून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहू लागला.

"तवा जरा डावीकडं घे," भाऊ म्हणत.

"तवा चुलीवर आहे. चूल डावीकडं सरकवू का?"

"तुझं वजन सगळं उजव्या पायावर पडतं. म्हणून कंबर दुखते तुझी."

कंबर दुखते, हे झुंबरबाईंनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. उजवा खांदाही दुखायचा, तेही नाही. त्यांनी पोळी जरा जोरातच उलटली.

सून भूमिका गरीब स्वभावाची. ती दोन दिवस सासऱ्यांनी, म्हणजे तिच्या नानांनी, सांगितलं तशी खांदा सैल सोडून पोळ्या लाटत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने सासूला कोपऱ्यात गाठलं. "आई, नाना म्हणताहेत, कणीक मळताना नजर समोर ठेव, कणकेकडं बघू नको. समोर तर ते स्वतःच उभे असतात."

हेही निभावून गेलं असतं. पण होळी झाली आणि बिबड्यांचे दिवस आले.

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. भिजवून आंबवलेल्या ज्वारीचं पीठ तीळ, लसूण, जिरं घालून मोठ्या पातेल्यात शिजवतात. त्याला घाटा म्हणतात. तो पहाटे चुलीवर चढतो, आणि गरम आहे तोवर त्याचे गोळे ओल्या फडक्यावर थापून, ऊन वर यायच्या आत खाटांवर टाकावे लागतात. एकट्या बाईचं हे काम नाही. म्हणून गल्लीतल्या बायका पाळी लावतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, सगळ्याजणी सगळ्यांकडे. ज्या घराची पाळी हुकली, त्या घरी वर्षभर बिबडे नाहीत. झुंबरबाईंकडे नुसते घरापुरते होत नसत. नूतनच्या सासरी पाचोऱ्याला एक मोठा डबा जायचा, आणि विहीणबाई आल्यागेल्याला तो उघडून दाखवायच्या. यंदा हातच मिळाले नाहीत, असं विहिणीला सांगण्यापेक्षा झुंबरबाईंनी केळीच्या बागेत मुक्काम केला असता.

आणि या मंडळात झुंबरबाईंचा मान मोठा. कुणाच्याही घरी असो, घाटा हलवायचा तो त्यांनीच. हातभर जाड दांडा, खदखदणारं पातेलं, आणि थांबला हात की गुठळी. वीस वर्षांत त्यांच्या हातून गुठळी झाली नव्हती.

पहिली पाळी शेजारच्या भागाबाईंची. मधली भिंत कमरेएवढी. झुंजूमुंजू झालं तशी भिंतीवर दोन कोपरं टेकली गेली.

"भागाबाई," भाऊंचा आवाज आला, "तुमची मागची फळी झोपली हो."

बायका हसल्या. भाऊंना तेवढं पुरलं. उंच बायका खाटेकडे, चपळ बायका पाटाकडे, आणि गोळा देणारीने नाव घेऊन द्यायचा, अशी त्यांनी भिंतीवरूनच रचना लावली. एका नव्या सुनेचा बिबडा फाटला तर म्हणाले, "असू दे, पुढच्यावर ध्यान ठेव." ती पोरगी पदर तोंडात कोंबून आत पळाली. बायका डोकीवरचे पदर सावरतच राहिल्या. परक्या पुरुषासमोर साडी खोचून बसता येईना, आणि बसल्याशिवाय बिबडे थापता येईनात. ऊन वर आलं तेव्हा निम्मा घाटा पातेल्यातच घट्ट झाला होता.

दुपारी भागाबाई मागच्या दाराने आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"हे पाय झुंबर, मी सरळ सांगते. गुरुवारी तुही पाळी. आमी येऊ. पन भाऊ घरी नको."

"त्यायले कुठी पाठवू, वहिनी?"

"तीस वर्सं कुठी जात होते? तिकडंच."

झुंबरबाई संध्याकाळी लीलाधरकडे गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला खेळायला घ्या म्हणून गळ घातली, आणि शब्द जिभेवर गरम घाट्यासारखे चिकटले. लीलाधर अवघडला.

"वहिनी, आता शूटर योगराज हाये. पोरगं चांगलं मारते. अन् चार डाव हार घातले आमी भाऊले. पाचव्या डावाले गेलो तं फुलवालाच हसते."

आत कामिनी काहीतरी जोरजोरात वाटत होती.

मग उरला झुंबरबाईंचा धुळ्याचा धाकटा भाऊ. अभिमन तिथे नोकरीला लागून इतकी वर्षं झाली होती, की बोलणंही धुळ्याचंच झालं होतं. पन्नाशी उलटलेल्यांचे सामने तो दरवर्षी भरवायचा. बहिणीचं ऐकून फोनवर पोट धरून हसला. "काही काळजी करू नको अक्का," म्हणाला, "बठ्ठं जमी जाई." म्हणजे सगळं जमून जाईल.

बुधवारी सकाळी त्याचा फोन भाऊंना आला. गुरुवारी सामना, शूटर नाही, धुळ्याची लाज तुमच्या हातात. झुंबरबाई दाराआड उभ्या होत्या. पुढचं त्यांना पाठ होतं. त्या नको म्हणतील, तेवढे भाऊ हट्टाने जातील. तीन निवृत्त्या अशाच मोडल्या होत्या. भाऊंनी फोन ठेवला तशा त्या कमरेवर हात ठेवून पुढे झाल्या.

"जायचं नाही. गुडघ्याकडं बघा. डॉक्टर काय म्हणाले? वय काय आपलं? सून घरात आहे."

भाऊ ऐकत राहिले. झुंबरबाईंना स्वतःचाच आवाज आवडला. त्यांनी आणखी थोडं वाढवलं. डोळ्याला पदरही लावला. "माझी शपथ आहे तुम्हाला," असं म्हणून त्या थांबल्या आणि पिशवीत टॉवेल भरण्याचा आवाज यायची वाट बघू लागल्या.

"बरं," भाऊ म्हणाले. "नाही जात."

तीस वर्षांत या माणसाने बायकोचं ऐकलं नव्हतं. ऐकायला त्याला नेमका हाच बुधवार सापडला.

झुंबरबाईंनी डोळ्यावरचा पदर काढला. आता नाटकाला अर्थ नव्हता. "अहो, जा," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं अभिमनला. उद्या आपल्याकडं बिबडे आहेत. तुम्ही घरी असलात तर एक बाई येणार नाही."

भाऊंनी भिंतीवरच्या, जिंकून आणलेल्या ढालींकडे पाहिलं. मग म्हणाले, "बॉल दिसत नाही मला."

"काय?"

"उन्हात. बॉल वर गेला की पांढरं होतं सगळं. सावद्याला शेवटचा बॉल मी आवाजावर मारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुडघा बरा आहे. गुडघ्याचं सांगायला बरं पडतं."

मोतीबिंदू असेल, काढता येतो, असं झुंबरबाई म्हणाल्या. ते भाऊंनाही ठाऊक होतं. काढला तरी योगराज काही जागा सोडणार नव्हता, हेही ठाऊक होतं. "मैदानावर गेलो तर पोरं खुर्ची देतात," ते म्हणाले. "खुर्चीवर बसून काय करू? इथं निदान तू भांडतेस."

झुंबरबाई घाट्याचं मोठं पातेलं घासायला घेऊन गेल्या.

गुरुवारी पहाटे त्यांनी भाऊंना उठवलं आणि अंगणाच्या टोकाला, चुलीपाशी नेलं. पातेल्यातल्या पाण्याला आधण आलं होतं. पीठ पडत होतं. त्यांनी दांडा भाऊंच्या पुढे केला.

"पाठ बायकांकडं, तोंड चुलीकडं," त्या म्हणाल्या. "मागं वळून पाहायचं नाही. आणि घाटा हलवणाऱ्यानं बोलायचं नाही. बोललं की हात मंदावतो, गुठळी होते."

गल्लीतल्या बायका दारातच थबकल्या. पुढे भागाबाई.

"हे काय व झुंबर?"

"माणूस घरात नको म्हणाल्या होत्या तुम्ही. अंगणात आहे. आणि पाठमोरा आहे."

भागाबाईंनी चुलीकडे निरखून पाहिलं. दोन खांदे एका लयीत फिरत होते. जाळीपलीकडच्या माणसांची दाणादाण उडवणारे ते हात आता खदखदत्या ज्वारीत बुडत होते, आणि ती लोण्यासारखी वळत होती. भागाबाईंनी साडी खोचली.

"भाऊ, तयापासून हलवा हो, पार बुडापासून," त्या पाटावर बसता बसता म्हणाल्या.

"डावीकडं कमी पडू राह्यलं," दुसरी म्हणाली.

"वजन एका पायावर नका टाकू," भूमिका म्हणाली आणि सासूच्या मागे लपली.

भाऊंची मान लाल झाली होती. पण ते बोलले नाहीत. बोललं की गुठळी.

ऊन तापायच्या आत खाटा भरल्या. उरलेला घाटा वाटीत घेऊन, वर कच्चं तेल ओतून बायकांनी खाल्ला आणि एकमेकींकडे पाहिलं. इतका मऊ घाटा गल्लीत कधी झाला नव्हता. हे झुंबरबाईंना चव बघताच कळलं. बाकीच्यांनी वाट्या पुन्हा पुढे केल्या, तेही दिसलं.

संध्याकाळी भागाबाईंनी भिंतीवरून हाक मारली. परवाचा अर्धा घाटा वाया गेला होता, म्हणून त्या उद्या पुन्हा घालणार होत्या.

"पहाटे भाऊले पाठवजो," त्या म्हणाल्या. आणि जाता जाता, अगदी सहज, "तू बी येजो. खाटेकडं कोनी तरी लागीनच."

झुंबरबाई भिंतीशी उभ्या राहिल्या. उजवा खांदा आज वीस वर्षांत पहिल्यांदा बिबड्यांच्या दिवशी दुखत नव्हता, आणि याचा त्यांना भयंकर राग आला. मागे ओसरीवर भाऊ स्वतःच्या दंडांना तेल चोळत बसले होते.

"काय म्हणत होत्या भागाबाई?"

"काही नाही. पहाटे लवकर उठा म्हणाल्या."

"तुला काय काम दिलं?"

"मला," झुंबरबाई म्हणाल्या, "त्यांनी खुर्ची दिली." आणि तेलाची वाटी त्यांच्या हातून ओढून घेऊन त्या आत गेल्या.