पाचवं शील आणि भाऊजींचं वाईन शॉप

साऱ्या भंडारा जिल्ह्यात, म्हणजे गोंदिया वेगळं होऊन जो उरला त्या जिल्ह्यात, गिऱ्हाईक पायरी चढलं की ज्याच्या कपाळाला आठी पडते असा दुकानदार एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या घराण्याच्या वाट्याला आला. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही त्यांना भाऊजी म्हणत असू; पुढे पुढे लाखनीचा भाजीवालासुद्धा भाऊजीच म्हणू लागला. या भाऊजींनी लाखनीला हमरस्त्याच्या कडेला वाईन शॉप काढलं. आपल्याकडे वाईन शॉपात व्हिस्की असते, रम असते, बियर असते, नसते ती फक्त वाईन. भाऊजींच्या दुकानात फक्त वाईनच होती. तीही मोठ्या कारखान्यांची नाही. दोन-चार एकरांत द्राक्षं लावणारे, फवारणीच्या वाटेला न जाणारे, रसात बाहेरून काही न घालता तो आपला आपण आंबेपर्यंत वाट पाहत बसणारे असे काही चिवट लोक महाराष्ट्रात इकडेतिकडे विखुरलेले आहेत, त्यांच्याच बाटल्या भाऊजी ठेवत. ट्रकवाले करकचून ब्रेक मारून उतरत, क्वार्टर मागत, आणि द्राक्षाच्या सालीवर खमीर आपोआप कसं येतं ते ऐकून परत जात. त्यातले शहाणे न ऐकताच जात.

याहून नवल म्हणजे भाऊजी स्वतः घेत नव्हते. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात दारूचा थेंब आलेला नाही, आणि भाऊजींच्या आसगावच्या घरीही तीच शिस्त. पंचशिलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. ते आम्हा पोरांना बाराखडीच्या आधी पाठ असे. मग हा माणूस या धंद्यात पडला कसा? त्याला कारण एक सहल. भाऊजी जवाहरनगरच्या सरकारी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत प्रयोगशाळेत होते. सरकारी खर्चाने सहकुटुंब नाशिककडे फिरायला गेले असता कोणाच्या तरी ओळखीने एका शेतकऱ्याच्या घरी उतरले, आणि तिथे पिंपात आंबत असलेल्या रसाला त्यांनी कान लावला. बस्स, तिथेच सगळं झालं. परत आल्यावर महिनाभर ते एवढंच सांगत होते. "सालेसाहेब, आतमंदी कोनीतरी बोलून रायलं होतं जी. आपन जिंदगीभर याच्यात थे मिसळवलं, त्याच्यात हे मिसळवलं. अन् तो मानूस काहीच नाही मिसळवत! नुसता बसून रायते!" मुदतीआधीच निवृत्ती घेऊन, जवाहरनगरचं क्वार्टर सोडून ते लाखनीला आले, कारण ताईची बदली तिथल्या शाळेत झाली होती. फक्त वाईनचा परवाना मागणारा माणूस पाहून कचेरीतल्या बाबूने म्हणे त्यांना आधी बसायला खुर्ची दिली आणि मग घरी कोणी मोठं माणूस आहे का म्हणून विचारलं.

चव न घेता माल कसा विकायचा, हा प्रश्न भाऊजींना फार दिवस पडला नाही. वाईनचे मोठमोठे जाणकारसुद्धा तोंडात घोट घोळवून थुंकून टाकतात, असं त्यांना कळलं, आणि आपल्याच सोयीसाठी कोणीतरी ही रीत काढली असावी अशा आनंदात ते घरी आले; मी त्या दिवशी तिथेच होतो. "गिळलं त शील मोडते. मी गिळतो काय? चूळ भरतो मी!" ताई तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "अन् इकता थे? लोकायनं गिळावं म्हनूनच इकता न? त्याच्या पापाची चूळ कोन भरन?" भाऊजींनी ते सूप उचलून परत तिच्या हातात दिलं. मला नंतर एकट्याला म्हणाले, "तिचं बरोबर हाये. पन माझंबी चूक नाही न जी." एवढ्या सरळ मनाने भांडण हरणारा आणि तरीही दुकान उघडायला जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ताईने भांडण वाढवलं नाही. तिने एवढंच सांगितलं की त्या दुकानाची पायरी मी चढणार नाही, आणि ते पाळलं. तिची शाळा रस्त्याच्या अलीकडे, दुकान पलीकडे, मध्ये हमरस्ता. दुपारच्या सुट्टीत ती डबा घेऊन शाळेबाहेरच्या चहाच्या टपरीवर येई आणि बाकावर बसून राही. समोर भाऊजी काउंटरमागून उठत, शटर अर्धं ओढत, ट्रकांची रांग सरेपर्यंत हात पाठीमागे बांधून उभे राहत आणि मग धोतर नसतानाही धोतर आवरल्यासारखे करीत रस्ता ओलांडत. दोघं बाकावर जेवत. ताई त्यांना वांग्याची भाजी वाढी, ते तिला एखाद्या बाटलीची हकिकत सांगत आणि ती कान देऊन ऐके; ऐकायला तिची ना नव्हती. जेवण झालं की भाऊजी रोज म्हणत, "चालतेस काय? दोन मिनटं. पंखा बी हाये तिथं." ताई डबा धुऊन पुसून पिशवीत घाली आणि म्हणे, "घंटा होऊन रायली." मग ते एकटेच परत जात. पलीकडे पोचल्यावर वळून पाहत. टपरीवाला मला सांगे, "तुमचे भाऊजी भल्ले बह्याड हायेत. बायकोले रोज बोलावतेत, जशी काही ती मुंबईले रायते."

गिऱ्हाइकांवर मात्र या आर्जवाचा एक थेंबही सांडत नसे. बाटली मागितली की भाऊजींचा पहिला प्रश्न, "जेवाले काय हाये आज?" याचं उत्तर समाधानकारक नसेल तर विक्री नाही. कोंबडी असेल तर वेगळी बाटली, बोडीतली, म्हणजे गावतळ्यातली, मासोळी असेल तर वेगळी, आणि नुसती चिवडा-शेव असेल तर "मंग पानी प्या." तोंडात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा तोबरा, असलेल्या माणसाला तर ते बाटलीला हातही लावू देत नसत. एकदा एक बडे ठेकेदार जीपमधून उतरले. साहेबांना भेट द्यायला भारीतली भारी बाटली हवी होती. गालात खर्ऱ्याचा ऐवज. भाऊजींनी त्यांना दुकानामागच्या नळावर पाठवलं, परत आल्यावर वास घेतला, पुन्हा पाठवलं. ठेकेदार लालेलाल होऊन ओरडले, "अरे, पिनार साहेब हायेत न! मी कायले धुऊ?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "तुमी नेऊन रायले न. तिले रस्त्यानं तरास." आणि बाटली परत फळीवर ठेवून दिली. न निवळवलेली, न गाळलेली वाईन गढूळ दिसते, तळाशी गाळ बसतो. कोणी तक्रार केली की भाऊजी म्हणत, "बोडीचं पानी गढूळच रायते राजा. मासोळी त्यातच मोठी होते." शिवाय सरकारच्या ड्राय डेमध्ये त्यांनी स्वतःच्या सगळ्या पौर्णिमा घातल्या होत्या, आणि भाताच्या रोवणीच्या हंगामात ते दुकानाला कुलूप लावून आसगावला चिखलात उतरत.

तरीही जी काही बाटली विकली जाई तिचं त्यांना कोण अप्रूप! ती बनवणाऱ्याला ते त्याच दिवशी फोन करीत. "नमस्कार वहिनी, लाखनीहून बोलतो. तुमची लाल वाली आज पोस्टमास्तरनं नेली. पोरगी आली हाये माहेरी. संग झिंगे हायेत." पलीकडची वहिनी नाशिकच्या कुठल्या तरी खेड्यात अंगणात उभी असे, आणि आपल्या द्राक्षांचं शेवटी काय झालं हे तिला आयुष्यात भाऊजींशिवाय कोणी सांगितलं नव्हतं. या लोकांच्या गाई कधी व्याल्या, कोणाच्या बागेवर गारपीट झाली, सगळं भाऊजींना ठाऊक असे.

या सगळ्यात ताई एकदाच रस्ता ओलांडायला निघाली होती. भाऊजी नवा माल आला की दुकानाच्या कडेला वाळूच्या बादलीत चुळा भरत. एका दुपारी टपरीवाल्याने लांबून पाहिलं: भाऊजी वाकलेले, आणि तोंडातून लाल गुळणी. खर्रा न खाणारा, दारू न पिणारा माणूस लाल थुंकतो म्हणजे रक्तच. तो शाळेत धावला. "मॅडम, भाऊजी रक्त ओकून रायले!" ताई हातातला खडू न टाकता पळाली. दोन्हीकडून ट्रक भरधाव. ती कशीबशी दुभाजकापर्यंत पोचली, आणि समोर पाहते तो भाऊजी उजेडात पेला धरून, डोळे मिटून, समाधानाने दुसरी चूळ घोळवताहेत. ताई दुभाजकावर उभी राहून इतक्या मोठ्याने ओरडली की ट्रकांचे हॉर्न बुडाले. "अजी, जीव गेला न माहा! घरी या, दाखवतो तुमाले!" आणि तिथूनच माघारी वळली. त्या दिवशी संध्याकाळी भाऊजींना पाहायला मोसंबी घेऊन निम्मं लाखनी आलं. भाऊजींनी सगळ्यांना चहा पाजला. पण सर्व गेल्यावर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "सालेसाहेब, अर्धी आली होती. पाहिलं न तुमी? अर्धी!" त्या डोळ्यांत जे होतं ते मी विसरलेलो नाही. साऱ्या जगाला ते वाईन समजावून सांगत होते, पण त्यांना दाखवायचं होतं ते फक्त एका माणसाला. तिने घोट घ्यावा असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. तिने येऊन त्या फळ्या पाहाव्यात, बस्स.

मग हुकूम आला. हमरस्त्याला लागून असलेली दारूची सगळी दुकानं बंद. भाऊजी कचेरीत जाऊन आले. वाईन म्हणजे काय हे त्यांनी तिथेही समजावलं असणार, पण हुकमाला खमीर कळत नाही. उरलेला माल ज्याचा त्याला परत पाठवायची मुभा मिळाली. भाऊजींनी आसगावहून भाताचं तणस आणून एकेक बाटली त्यात गुंडाळली. शेवटचा खोका गाडीत चढला आणि गाडी निघून गेली, तेव्हा दुपारची सुट्टी झालेली होती. ताई टपरीवर आली, बाकावर बसली नाही. तिने रस्ता ओलांडला. मी दुकानातच होतो. ती दारात चपला काढून आत आली, विहारात जाताना काढतात तशा. भाऊजी रिकाम्या काउंटरमागे उभे होते. त्यांना काय करावं सुचेना. त्यांनी पंखा लावला. ताईने सगळीकडे एकदा पाहिलं आणि पहिल्या फळीवर बोट ठेवून विचारलं, "इथं काय होतं?" भाऊजींनी सांगितलं. "अन् इथं?" तेही सांगितलं. शाळेची घंटा झाली, ती ऐकून न ऐकल्यासारखं करून ताई पुढच्या फळीकडे गेली. रिकाम्या फळ्यांवरची एकेक बाटली भाऊजी तिला रंगासकट, वासासकट, मालकाच्या गाईवासरांसकट दाखवत होते. मी बाहेर जाऊन उभा राहिलो, मला ते पाहवेना.

पुढे काही काळाने हुकूम सैल झाला. बाकीच्या दुकानांची शटरं धडाधड वर गेली. आता भाऊजीही उघडणार म्हणून मी उत्साहाने गेलो, तर दुकानात तांदळाची पोती. आसपासच्या लहान शेतकऱ्यांचा, खत-फवारणी न केलेला चिन्नोर. काउंटरच्या आत दोन खुर्च्या. ताई निवृत्त झाली होती आणि दुसऱ्या खुर्चीवर बसून वजन करीत होती. भाऊजी मूठभर तांदूळ नाकाशी नेऊन एका बिचाऱ्या गिऱ्हाइकाला विचारत होते, "भाजी काय हाये आज?" ताई आत गेल्यावर मी हळूच विचारलं, परवाना परत मिळत होता, मग काऊन नाही उघडलं? नाशिकच्या वहिनींचे फोन अजून येत होते, हे मला ठाऊक होतं. भाऊजींनी आतल्या दाराकडे पाहिलं. "उघडलं असतं," ते म्हणाले, "त तुमची ताई परत त्या बाजूले जाऊन बसली असती." आणि मूठ पोत्यात रिकामी केली. नंतर या विषयावर ते कधी बोलले नाहीत, पण नाशिककडचा फोन आला की दुकानाबाहेर जाऊन बराच वेळ बोलत, आणि आत येताना त्यांचा चेहरा लांबच्या गावाहून आलेल्या माणसासारखा असे.

मागच्या हिवाळ्यात भाऊजी गेले. महिनाभराने मी ताईकडे गेलो असताना परवाना परत का घेतला नाही याचं त्यांनी दिलेलं कारण तिला सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मले विचारलं काऊन नाही यायनं?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही म्हनली असती," ताई म्हणाली. ती खोटं बोलत नाही, कधीच बोलली नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पन विचारायले पाहिजे होतं न रे. रोज त विचारत होते."