देवाची कोंबडी

आमच्या आईचा देवावर जितका विश्वास होता, तितका बाबांचा अंड्यावर होता. सत्तरच्या दशकात, मी शाळेत असताना, बाबांची छाती बिघडली आणि हे दोन्ही विश्वास एका कोंबडीवर येऊन आदळले.

आम्ही पुलगावात राहायचो, नाचणगावच्या रस्त्याला. बाबा गिरणीत होते. खोकला हटेना तेव्हा डॉक्टरांनी क्षय सांगितला, सुया लिहून दिल्या, आराम सांगितला आणि रोज एक अंडं सांगितलं. घरात क्षयाचं नाव कुणी काढत नसे, नुसतं ‘छाती’ म्हणायचं. पगार थांबला होता. आई लोकांची पोलकी शिवायची, आणि एक ठिपक्यांची कोंबडी बाबांच्या बाजेखालच्या टोपल्यात अंडं घालायची. घर या दोघींवर चाललं होतं.

अशात सुगीचा सण आला. आमच्या ख्रिस्ती मंडळीत या सणाला ज्यानं त्यानं आपल्याकडे पिकलेलं देवापुढे आणायची रीत होती. कुणी ज्वारीची कणसं आणी, कुणी कापूस, कुणी भोपळा. भक्ती संपली की चर्चच्या अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होई. आम्हाला शेत नव्हतं. आमच्याकडे पिकत होतं ते फक्त अंडं.

दुसरी एखादी बाई एक अंडं घेऊन गेली असती. आईनं कोंबडीच काखेत मारली. देवाला उरलंसुरलं द्यायचं नसतं, असं तिचं म्हणणं. बाबा बाजेवरून म्हणाले, “डॉक्टरनं अंडं मले सांगतलं, का देवाले?” आईनं त्यांना बायबलातल्या त्या गरीब विधवेची आठवण करून दिली, जिनं होतं नव्हतं ते देवाला दिलं. बाबा म्हणाले, “त्या विधवेचं ठीक हाय. मी अजून जिता हाव.”

कोंबडी गेलीच. लिलावात ती चर्चच्या पाळकांच्या पत्नीनं, पाळकीणबाईंनी, घेतली आणि त्या ती तिथल्या तिथे आईच्या हातात परत द्यायला लागल्या. आई दोन पावलं मागे सरकली. देवाला दिलेलं परत घेत नसतात म्हणाली. बाबांची काय अवस्था आहे हे पाळकीणबाईंना ठाऊक होतं, पण आमच्या आईपुढे कुणाचं चालत नसे. मला मात्र तिचा असा राग आला होता की त्या दिवशी मी प्रार्थनेला डोळेच मिटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडी हजर! पाळकांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. ती तिथून चालत आली, बाजेखाली शिरली, टोपल्यात बसली, अंडं घातलं आणि साऱ्या मोहल्ल्याला ओरडून सांगितलं. बाबांनी हात खाली घालून ते उचललं. गरम अंडं हातात धरून ते आईकडे पाहत राहिले. आईनं ते काढून घेतलं, वाटीत मूठभर तांदूळ घालून त्यात ठेवलं आणि वाटी माझ्या हाती देऊन मला पाळकांकडे पिटाळलं. अंडं देवाचं होतं ना.

मग हे रोजचंच झालं. सकाळी कोंबडी यायची, बाबांच्या पाठीखाली अंडं घालून जायची, आणि मागोमाग मी वाटी घेऊन निघायची. बाबा म्हणायचे, “आता मी अंडं उबवाचं तेवढं बाकी राह्यलं.” रात्री आई गुडघे टेकून मोठ्यानं प्रार्थना करायची, प्रभू, यांच्या अंगात ताकद येऊ दे, यांच्या तोंडी काहीतरी पाठव. आमच्या मधल्या भिंती पातळ. शेजारच्या शेतकऱ्याची बायको, तिला आम्ही काकू म्हणायचो, हे सगळं ऐकत असे.

एक दिवस मी वाटी घेऊन निघाले, तर काकूनं मला दारातच अडवलं आणि आईला हाक मारली.

“वहिनी, तुमी रोज मांगता. तुमचा देव रोज अंडं धाडून राह्यला. अन् तुमी रोज वापस करून राह्यल्या. त्यानं करावं तं काय करावं?”

 आईनं वाटी माझ्याकडून घेतली, आत गेली आणि अंडं उकडायला टाकलं. बाबा एरवी जेवणाआधी नुसतं ‘आमेन’ म्हणून मोकळे व्हायचे. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले ते इतका वेळ, की अंडं गार झालं. आई चुलीकडे तोंड करून पदरानं डोळे पुसत होती. मलाही रडू आलं.

मग आई अंडं ठेवून घेतल्याची कबुली द्यायला पाळकांकडे गेली. पाळकीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “मंग मी रोज पहाटे खुराड्याचं दार कायले उघडत होती?”

कोंबडी मग आमच्याकडेच राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा सुगीचा सण आला. आईनं कोंबडीकडे पाहिलं, आम्ही आईकडे. ती काही बोलायच्या आत बाबांनीच कोंबडी काखेत घेतली आणि चालायला लागले. वर्षभरानं ते चर्चला निघाले होते.

कोंबडीनं उपदेशभर पाळकसाहेबांना बोलू दिलं नाही. लोक तोंडाला रुमाल लावून हसत होते. मी मात्र बाबांच्या खोकल्याकडे कान लावून बसले होते. तो आलाच नाही.