धनाआबांचा ओटा

धनाआबा मिस्तरी आज ठोकलेला खिळा उद्या पुन्हा बघायला यायचे. वाकून फळीखाली हात घालायचे, दाबून बघायचे आणि पुटपुटायचे, "मन मानत नही." अमळनेरात इतकं नेटकं काम करणारा सुतार मी दुसरा पाहिला नाही, आणि इतकी काळजी करणारा माणूसही.

आमच्या मागच्या अंगणात वडिलांनी करून घेतलेला गुडघाभर उंचीचा लाकडी ओटा होता. त्यावर पापड, कुरडया वाळायच्या. वडील गेल्यावर त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही आणि त्याला वाळवी लागली. एका सकाळी आई वर चढली, फळी मोडली आणि तिचा पाय आत गेला. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर ते जुळलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पण आई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. मी शाळेत शिकवायला गेले की दिवसभर ती कॉटवर एकटी. वर्गात शिकवताना माझा अर्धा जीव घरी असायचा. ती पुन्हा पडली तर, ही एक भीती. आणि ती अशीच बसून राहिली तर, ही त्याहून मोठी.

मी आबांना बोलावलं ते ओटा तोडायला. त्यांनी हातोडीने एकेक फळी वाजवून पाहिली.

"हाई सडेल शे. हाई बी. पण खालनं सागनं लाकूड अजून खणखणीत शे. तोडू नका, ताई. अक्काले बसाले जागा करूत."

"ती नाही बसायची, आबा."

"मंग मी बससू."

आबा दहा-बारा दिवस राबले. सडक्या फळ्या काढल्या, चांगल्या रंधून पुन्हा बसवल्या, रुंद पायऱ्या केल्या, दोन्ही बाजूंना कठडा लावला, वर उन्हासाठी हिरवी जाळी ताणली. आई खिडकीतून बघायची. एकदा मी आबांना म्हटलं, किती वेळा तपासता? तेव्हा त्यांनी सांगितलं, की तरुणपणी धुळ्यात एका लग्नासाठी त्यांनी स्टेज बांधलं होतं. ते ऐन वेळी खचलं आणि नवरीच्या आईचा हात मोडला. "त्या बाईनं माले काहीच म्हटलं नही," ते म्हणाले आणि पुन्हा रंधा ओढू लागले.

काम संपलं त्या दिवशी ते स्वतः ओट्यावर उड्या मारून आले. मग मला उभं केलं. मग दाराशी जाऊन आईपुढे उभे राहिले.

"माले भेव वाटस, आबा," आई म्हणाली.

"माले बी वाटस, अक्का. म्हणीसन तं दोनदा पाहस. तुम्ही या, मी आठेच शे."

आई कठडा धरून निघाली. तिच्या पाठीमागे, तिला न लागता, आबांचा पसरलेला हात होता. तिसऱ्या पायरीवर ती थांबली. इतका वेळ थांबली, की आता मागे फिरणार असं मला वाटलं. मग तिने पाय उचलला. ओट्यावर ठेवलेल्या खुर्चीत बसल्यावर तिने वर पाहिलं. "जाळी लाई दिधी तुम्ही. आते कुरडया कोठे वाळतीन?"

आबा कठड्याला टेकले आणि पहिल्यांदाच हसले.

पुढचं वर्षभर आई रोज दुपारी तिथे बसली. भाजी तिथेच निवडायची, शेजारणीही तिथेच जमायच्या. यंदा थंडीत आबा झोपेतच गेले. ही बातमी आईला कशी सांगावी, याचीच मला धास्ती. ऐकून तिने काठी मागितली. आबांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. दुखण्यानंतर ती रस्त्यावर पाऊल टाकत होती, ते पहिल्यांदाच. मी रिक्षा आणते म्हटलं, तर तिने नकारार्थी मान हलवली.

आम्हाला चालत यायला अर्धा तास लागला. आबांच्या बायकोजवळ जमिनीवर बसता येईना, म्हणून आईने उभ्यानेच तिचा हात हातात घेतला.

"मी चालीसन उनू," ती एवढंच म्हणाली.