बल्ब खिशात, दिवा चालू

भुतंखेतं, चकवा, अंगात येणं... या सगळ्याला मी आयुष्यभर हसत आलो. मोटार दुरुस्त करणारा माणूस मी. बिघाड आहे ना, मग कारण असणारच, आणि शोधलं की सापडणारच, या हट्टावर माझी हयात गेली. एकच कारण मात्र अजून सापडलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

चाळीसच्या दशकातली, लढाईच्या दिवसांतली गोष्ट. मी शेवगावात भाड्याची मोटार चालवायचो. गाडी जुनी, पेट्रोल रेशनवर, म्हणून पाठीला कोळशाच्या गॅसची टाकी बसवलेली. गाडीत कायम धुराचा वास — त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. त्या दिवशी सकाळी कापडाचे व्यापारी रहीमचाचा आपल्या लेकीला, नूरबीला, नगरला सासरी सोडायला निघाले होते. त्यांच्या घरचा पडदा कडक. मागच्या काचा वर, त्यांवर चादरी, आणि पुढच्या-मागच्या सीटांच्या मधेही जाड पडदा. मागे नूरबी एकटी, पुढे माझ्याशेजारी चाचा.

तिसगावपर्यंत बापलेकीच्या पडद्याआडून गप्पा चालल्या होत्या. मग ती म्हणाली, "अब्बा, डोकं लई दुखतंय."

"नीज जरा," चाचा म्हणाले. "नगर आलं की उठवतो."

थोडं पुढे गेलो आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. हा दिवा लागला म्हणजे डायनॅमो बॅटरी चार्ज करत नाही. पण शेजारचा काटा तर चार्जिंग व्यवस्थित दाखवत होता! गाडी बाजूला घेतली. बेल्ट घट्ट, वायरी जागच्या जागी. पुन्हा निघालो... पुन्हा दिवा. चाचा वैतागले. "डोळ्यात खुपतोय तो. इझव की!"

विझवतोच, म्हटलं. थांबलो, डॅशबोर्डमागे हात घातला, बल्ब काढून खिशात टाकला आणि गाडी सुरू केली.

लाल दिवा चालूच!

खरं तर घाबरायला हवं होतं. मला राग आला. माझ्याच गाडीनं माझी थट्टा करावी? बल्ब नसताना उजेड, म्हणजे करंट भलतीकडेच कुठेतरी जातोय. बाकी सगळं तपासून झालं होतं, राहिली होती फक्त बॅटरी. आणि बॅटरी मागच्या सीटखाली.

"चाचा, मागचं दार उघडावं लागंल."

"येडा झाला का? पोरगी हाय आत. नगरला गेल्यावर बघ काय बघायचं ते."

"तिला जरा झाडाखाली बसवा. मी तोंड फिरवून उभा ऱ्हातो."

"न्हाई म्हंजे न्हाई, गणपत!"

मी चावी काढली आणि तीही खिशात घातली. "मग बसा हितंच. बॅटरी बघितल्याबिगर गाडी हलायची न्हाई."

चाचा तणतणत उतरले आणि मागच्या दाराशी जाऊन लेकीला हाका मारू लागले. उत्तर येईना. त्यांनी दार उघडलं मात्र — "गणपत!"

नूरबी सीटवर आडवी पडली होती, मान लुळी. आत धूर कोंडलेला. तोंड फिरवायचं मी साफ विसरलो. दोघांनी तिला उचलून बाभळीखाली निजवलं. चाचा तिच्याच ओढणीनं वारा घालत होते आणि अल्लाची करुणा भाकत होते. ती हलेना. मला रडू फुटायच्या बेतात होतं... तेवढ्यात ती खोकली, ओकली आणि "अब्बा" म्हणाली.

सीट उचलून पाहिली. बॅटरी ठणठणीत. तिच्या शेजारी इंजिनाचा धूर बाहेर टाकणारा पाइप गंजून फुटला होता. त्यावर पत्रा गुंडाळून तारेनं आवळला आणि पुढे येऊन चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. दिवा काही लागला नाही.

लोक म्हणाले, धूर तुझ्याही डोक्यात गेला असेल. पण पुढच्या काचा उघड्या होत्या, आणि दिवा चाचांनीही पाहिला होता. नगरला पोचल्यावर खिशातला बल्ब नीट पाहिला तर काच आतून काळी पडलेली, तार तुटलेली. म्हणजे जागेवर असतानासुद्धा तो लागायला नको होता! पुढे कितीतरी वेळा ती गाडी खोलली. नाही सापडलं कारण.

बाभळीखालून निघताना चाचांनी स्वतःच्या हातानं चादरी ओढून काढल्या, काचा खाली केल्या, मधला पडदा गुंडाळून पायाशी टाकला. नगरच्या भर बाजारातून नूरबी उघड्या चेहऱ्यानं वारं खात गेली. लोक वळून वळून बघत होते. चाचांचं तिकडे लक्षच नव्हतं, ते सगळी वाट मान मागे वळवून लेकीकडे बघत बसले होते.