हे आंघोळीला गेलेत

बाबा गेले तेव्हा आई त्र्याहत्तर वर्षांची होती. खडकी स्टेशनजवळच्या आमच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटीने राहायची तिची जिद्द मात्र विशीतल्या मुलीची होती. मी खराडीत अकराव्या मजल्यावर राहते. गेटवर वॉचमन, लिफ्टमध्ये कॅमेरा, आलेल्या माणसाची फोनवर आधी चौकशी. तिने माझ्याकडे राहायला यावं म्हणून तीन वर्षं मी तिच्या मागे लागले होते. तिचं उत्तर एकच, "बघू." पुण्यात 'बघू'चा अर्थ काय होतो ते मी वेगळं सांगत नाही.

तळमजला म्हणजे चोराला आमंत्रण, असं माझं म्हणणं. आईचं म्हणणं, चोर बाईला घाबरत नाही, बाईच्या नवऱ्याला घाबरतो. म्हणून तिने सरळ नवराच घरात ठेवला. दर दोन दिवसांनी बाबांचा एक स्वच्छ, इस्त्रीचा शर्ट कपाटातून काढायचा, धुवायचा आणि रस्त्यावरून दिसेल असा पुढच्या दोरीवर वाळत घालायचा. कुणी न घातलेले शर्ट धुणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. धुऊन धुऊन त्यांचे रंग उडाले तेव्हा तिने लक्ष्मी रोडवरून दोन नवे आणले, बाबांच्याच मापाचे. दुकानदार म्हणाला, "काकांना घेऊन या, घालून बघतील." ही म्हणाली, "त्यांना दुकानात यायला आवडत नाही." हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

दार कुणीही वाजवो, मीटर बघणारा असो, मतदार यादीवाला असो की पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा. ही साखळी न काढता फटीतून सांगायची, "हे आंघोळीला गेलेत. काय काम आहे?" बाबा दारूगोळा कारखान्यात बत्तीस वर्षं भोंग्याच्या आधी पोचलेला माणूस. जिवंतपणी त्यांची आंघोळ पाच मिनिटांत उरकायची. गेल्यावर मात्र ती काही केल्या संपेना.

फोनवरची तऱ्हा वेगळी. सिम कार्ड बाबांच्याच नावावर असल्यामुळे फोन करणारे त्यांनाच विचारायचे. त्यांना उत्तर मिळायचं, "ते बाहेर गेलेत, येतीलच एवढ्यात." दारात आंघोळ आणि फोनवर बाहेर, असं का, हे मी एकदा विचारलं. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "दारात 'बाहेर गेलेत' म्हटलं की घरात कुणी नाही असं होतं ना! एवढं शिकलीस कशाला तू?"

मी चिडायचे, आणि गाडीत बसल्यावर एकटीच हसायचे.

पण फोनची मला खरंच धास्ती होती. आमच्या ऑफिसातल्या दोघांच्या आईवडिलांना फोनवरून लुबाडलं होतं, आणि ती माणसं काही भोळी नव्हती. मी आईला बसवून सगळं शिकवलं. ओटीपी सांगायचा नाही, लिंक उघडायची नाही, अनोळखी माणसाने घाई केली की फोन ठेवायचा, घाबरायचं नाही. तिने ते कॅलेंडरच्या पाठीमागे सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं आणि वर म्हणाली, "शेवटचं तेवढं तू शीक आधी."

त्या शनिवारी मी निकाल लावायचाच असं ठरवून खडकीला गेले होते. तिच्यासाठी खोली रंगवून घेतली होती, पलंग आणला होता. आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो आणि मी विषय कसा काढावा याची मनात जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात फोन आला. कुरियरवाला, हिंदीत. बाबांचं नाव घेऊन म्हणाला, पार्सल आहे, घरी आहेत का? आईने ठरलेलं उत्तर दिलं. "बाहर गये हैं, आयेंगे अभी." कुठे गेलेत, गाडीवर गेलेत का, असंही त्याने विचारलं. "स्कूटर पे," आई म्हणाली. ती स्कूटर विकूनही दोन वर्षं झाली होती.

वीसएक मिनिटांनी दुसरा फोन आला, दुसऱ्या नंबरवरून. आईने सवयीने स्पीकर लावला. आवाज जरबेचा होता, अर्धा हिंदी, अर्धा मराठी. "माताजी, पोलीस चौकीतून बोलतोय. तुमच्या मिस्टरांनी स्कूटरने एका मुलाला उडवलंय. ते माझ्यासमोर बसलेत. केस नको असेल तर आत्ताच्या आत्ता पैसे पाठवा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी हातानेच खूण केली, ठेव, ठेव फोन. आईने तोच हात धरून मला खाली बसवलं.

"बरे आहेत ना?" तिने विचारलं.

"रडतायत. पैसे पाठवा लवकर."

"लागलं नाही ना फार?"

"माताजी, वेळ नाही आमच्याकडे."

"त्यांना शुगर आहे हो. काही खायला दिलंत का? बिस्किट तरी द्या."

मला वाटलं, आई गेली. म्हणजे घाबरली, गोंधळली, मेंदूवर परिणाम झाला. मी फोन ओढून घेणार तोच ती म्हणाली, "त्यांच्याकडे द्या फोन."

पलीकडे कुजबुज झाली. फोन एका हातातून दुसऱ्या हातात जातानाची खरखर ऐकू आली. आईने मांडीवरची मेथी बाजूला सारली, पदर सारखा केला आणि ती ताठ बसली. मग एक म्हातारा आवाज हुंदके देत म्हणाला, "मला सोडव गं. पैसे पाठव."

आईने तो आवाज पूर्ण ऐकून घेतला. मग तिच्या नेहमीच्या, दारातल्या फटीतून येणाऱ्या आवाजात म्हणाली, "साहेबांना द्या." साहेब आल्यावर म्हणाली, "चुकीचा माणूस पकडलात तुम्ही. आमच्या ह्यांना पकडायला तीन वर्षं उशीर झाला तुम्हाला." आणि फोन ठेवला.

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तिच्या गळ्यात पडले. ऑफिसात सगळ्यांना सांगणार म्हटलं. कसली खराडी आणि कसली खोली! ही बाई एकटी राहून अख्ख्या टोळीला पुरून उरेल. माझ्याकडचे सगळे मुद्दे संपले होते आणि मला त्याचा आनंदच झाला होता. मी तसं बोलूनही दाखवलं. "जिंकलीस बाई. राहा इथेच. मी पुन्हा विषय काढणार नाही."

आई हसत नव्हती. तिने मेथीची जुडी पुन्हा पुढ्यात ओढली, पण एकही पान खुडलं नाही.

"घाबरलीस का गं?" मी विचारलं. "पहिल्यापासून कळलं होतं ना तुला?"

"न कळायला काय झालं."

"मग शुगर काय, बिस्किटं काय, कशाला एवढं बोलत बसलीस?"

"तीन वर्षं मीच सगळ्यांना सांगतेय, ते आहेत, येतीलच. आज पहिल्यांदा दुसरं कुणी म्हणालं, हो, आहेत, माझ्यासमोर बसलेत. खोटं होतं गं. पण ऐकायला बरं वाटलं."

माझं ते मघाचं हसणं मला फार लागलं.

"आणि मग मीच त्याला सांगितलं, ते नाहीत म्हणून," ती म्हणाली. "परक्या माणसाला पहिल्यांदाच सांगितलं. सांगितलं कुणाला, तर चोराला."

मी तिचे हात हातात घेतले. मेथीच्या मातीने ते खरखरीत झाले होते. मग तीच म्हणाली, "येते मी तुझ्याकडे. तिथे दाराशी येऊन मला कुणी विचारणार नाही ना, हे कुठे गेलेत म्हणून?"